डाख: एका जोडीस अठ्ठावीस मिनिटं

एका पैंजणाला एकाहत्तर घुंगरं. जोडीला एकशे बेचाळीस.

•

मदुराईत एका नृत्यशिक्षिकेनं पैंजण कानाशी नेऊन हलवलं आणि परत पेटीत ठेवलं. "ह्यात एक घुंगरू मुकं आहे," ती दुकानदाराला म्हणाली. दुकानदारानं एकेक घुंगरू हलवून बघितलं. खरंच होतं.

•

डाख लावताना लागणारा टाकणखार पाण्यात कालवला की दुधासारखा दिसतो. मांजर फसतं, जवळ येऊन वास घेतं आणि अपमान झाल्यासारखं निघून जातं.

•

सेवेचं नाव: डाख लावणे.
काय घेते: घुंगरं बसवलेली साखळी.
काय देते: पक्की साखळी.
वेळ: एका जोडीस अठ्ठावीस मिनिटं.

•

काचबिंदूच्या माणसाला अंधार दिसत नाही. जग कडेकडेनं कमी होत जातं आणि उरलेलं पुरेसं वाटत राहतं.

•

यंत्र कुणाला काढून टाकत नाही. ते फक्त विचारायचं थांबतं. (माहितीपुस्तिका, पान नऊ.)

•

मंगळवारी सव्वानऊ वाजता भिंतीच्या भोकातून डबा आला नाही.

•

ह्यातलं शेवटचं आधी सांगायला हवं.

हुपरी हे चांदीचं गाव. पण इथं पैंजण कुणी एकटा करत नाही. एका घरात चांदी आटवतात, दुसऱ्या घरात तिची तार ओढतात, कुठं तारेच्या कड्या वळतात, कुठं कड्यांची साखळी होते. मग एक घर फक्त घुंगरं बसवतं, एक घर प्रत्येक कडीचं उघडं तोंड डाख लावून, म्हणजे वितळत्या चांदीचा ठिपका देऊन बुजवतं, आणि एक घर उजळतं. पायात पडायच्या आधीच पैंजण गावभर चालून आलेलं असतं.

राजमती चौगुलेंचं घर डाखाचं. शेजारचं पायगोंडा मगदूम यांचं घर घुंगरांचं. मध्ये सामाईक भिंत. सत्तावीस वर्षांपूर्वी दोन्ही घरांनी मिळून तिच्यातल्या दोन विटा काढल्या, कारण दिवसातून सहा वेळा अंगणातून फेरा घालायचा दोघांनाही कंटाळा होता. त्या भोकातून पलीकडून बिस्किटाचा पत्र्याचा डबा यायचा, आत घुंगरं बसवलेल्या साखळ्या. राजमती डाख लावून त्या उजळणीवाल्याकडं पाठवायची आणि रिकामा डबा परत सरकवायची. भोकातून डबा जायचा तसं बोलणंही जायचं. चेहरा मात्र दिसत नसे. पायगोंडांचं पाट-बस्तान भिंतीला टेकून होतं आणि राजमतीचंही. पाठीला पाठ लावून दोघं सत्तावीस वर्षं बसले होते, मध्ये नऊ इंच वीट.

"राजाक्का, चहा झाला काय?"

"झाला की अण्णा. तुमचा?"

"आमचा कुठला! हिनं आज साखर बंद केलीया. डॉक्टर डोळ्याला औषध देतोय आणि ही बंद करतीया साखर. डोळ्याचा आणि साखरेचा काय संबंध, मला सांग."

असं चालायचं.

•

जोडणी नावाची यंत्रणा गावात आली ती सन्मती खोतच्या हातून. पुण्यात बारा वर्षं संगणकाची नोकरी करून ती गावी परतली होती आणि सोसायटीच्या जुन्या ऑफिसात केंद्र चालवत होती. पहिल्या सभेला दीडशे माणसं आली. तिनं पडद्यावर एकही चित्र दाखवलं नाही.

"पंगत डोळ्यापुढं आणा," ती म्हणाली. "भातवाला भात वाढतो, आमटीवाला आमटी. आमटीत काय घातलंय ते भातवाल्याला ठाऊक नसतं, आणि त्याची गरजही नसते. एक वाढपी दमला तर दुसरा त्याच्या जागी उभा राहतो, पंगत उठत नाही. आता समजा, प्रत्येकानं छातीवर पाटी लावली: मी काय वाढतो, किती वेळात. आणि वर माळ्यावर एकजण बसलाय, ज्याला जगातल्या सगळ्या पाट्या एका दमात वाचता येतात. त्याला सांगितलं, अमक्या गावात दोनशे पानं आहेत. तो पंगत लावून मोकळा."

"आणि तो माळ्यावरचा जेवतो कधी?" पायगोंडांनी मागून विचारलं. सभा हसली.

पण तिनं सांगितलं ते बरोबर होतं. त्याआधी मोठ्या धंद्यांची यंत्रं एकमेकांशी बोलत, ती ठरलेल्या जोडीदाराशीच. एक जोडीदार बदलायचा तर वर्ष जाई. जोडणीत प्रत्येक कारखाना, प्रत्येक ट्रक, प्रत्येक गोदाम आणि आता हुपरीतलं प्रत्येक घर ही एक सुटी सेवा होती. आत काय चालतं ते बाहेर दिसत नसे, दिसे फक्त पाटी. मागणी आली की यंत्र पाट्या वाचून तेवढ्यापुरती साखळी बांधी, काम झालं की सोडून टाकी. पुढच्या मागणीला नवी साखळी. सगळं बळ त्या सुटेपणात होतं. म्हणून यंत्र मधूनमधून मुद्दाम जोड्या बदलून बघे, कुणावाचून कुणाचं अडत नाही ना, याची खात्री करून घेई.

पाट्या भरायच्या दिवशी सन्मती घरोघरी फिरली. राजमतीच्या उंबऱ्यात बसून तिनं विचारलं, "काकू, तुम्ही काय करता ते सगळं सांगा. एकूण एक."

"डाख."

"आणखी?"

"अगं, आणखी काय? डाखवाली डाख लावणार. पोहे का करणार?"

सन्मतीनं हसून तेवढंच लिहिलं.

चूक झाली ती इथं. आणि ही चूक हुपरीच करू शकते. कारण डबा आला की राजमती डाखाची बत्ती पेटवायच्या आधी चिमटा घेई. एखादी कडी अर्धवट मिटलेली असे, ती मिटवी. एखादं घुंगरू उलटं अडकलेलं असे, ते सोडवी. कुठं एक जागा रिकामीच राहिलेली असे, तिथं स्वतःच्या डबीतलं घुंगरू बसवी. पायगोंडांच्या डोळ्यांनी चार वर्षांपूर्वी दगा द्यायला सुरुवात केल्यापासून हे चाललं होतं. आधी डब्यात एखादं, मग पाच, मग प्रत्येक साखळीत दोन-तीन. जोडीमागं दहा मिनिटं त्यात जात. ते काम आहे असं तिला कधी वाटलंच नाही. शेजाऱ्याच्या दारातलं वाळवण आत घेतो, ते कुणी पाटीवर लिहितं का?

आणि रिकामा डबा परत सरकवताना ती म्हणे, "अण्णा, झकास."

•

दीड वर्ष नीट गेलं. यंत्रानं दोघांना शेजारी शेजारीच ठेवलं होतं, कारण अंतर सगळ्यात कमी. राजमतीच्या नावापुढं हिरवा ठिपका आला. तिच्या साखळीत घुंगराची जागा रिकामी राहत नाही, कडी उघडत नाही, हे यंत्राच्या कॅमेऱ्यानं बघितलं होतं. कॅमेरा उजळणीच्या आधी, म्हणजे तिच्या हातून माल सुटल्यावर बघे. ती पहिल्या पंगतीत गेली. हा सन्मतीचा शब्द. यंत्रात त्याला काहीतरी वेगळं नाव होतं.

मग तो मंगळवार. डबा आला नाही. दारात तीनचाकी विजेची गाडी थांबली आणि राजमतीच्या ओसरीवर निळी प्लास्टिकची पेटी ठेवून गेली. आत कुणाच्या तरी साखळ्या होत्या. तीच गाडी पुढं पायगोंडांच्या दारात थांबली आणि त्यांचा माल घेऊन शेजारच्या रेंदाळ गावच्या कुण्या डाखवाल्याकडं गेली.

"जोड्या बदलून बघालंय आपलं यंत्र," पायगोंडा भोकातून म्हणाले. "बघूदे. पोरगी दाखवल्यासारखं वाटतंय जरा."

राजमतीनं पेटी उघडली. साखळ्या निर्दोष होत्या. एकही घुंगरू उलटं नाही, एकही जागा रिकामी नाही. चिमटा बाजूलाच राहिला. लाज वाटेल असा विचार तिच्या मनात आला: आता दहा मिनिटं वाचणार.

संध्याकाळी हिशेब यंत्रानंच केला. एका जोडीस एकोणचाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकोणचाळीस.

•

शुक्रवारी ती केंद्रात गेली. सन्मती तिचीच वाट बघत होती.

"काकू, बसा. दोन गोष्टी आहेत. पायगोंडा अण्णांच्या चाळीस जोड्या रेंदाळला गेल्या. तेरा परत आल्या. घुंगरं नाहीत, कड्या उघड्या."

राजमतीला नवल वाटलं नाही, हे सन्मतीला दिसलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"होय."

"मला सांगायचं नाही का? पाटी भरताना?"

"तुला सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं. त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी त्यांना कधी विचारलं नाही. मधल्या मधे तुला कसं सांगायचं?"

सन्मतीनं कपाळाला हात लावला. "यंत्राला वाटलं तुम्ही दोघं सुटे आहात. वाटणारच. तुम्हीच तसं लिहून दिलंय. आता त्यांचा ठिपका पिवळा झालाय. अजून दोन आठवडे असंच राहिलं तर यंत्र त्यांना विचारायचं थांबेल."

"मग?"

"मग काही नाही. तेच तर. कुणी येऊन काही सांगणार नाही. गाडी यायची बंद होईल, बस्स."

राजमतीच्या डोळ्यापुढं भिंतीला टेकलेले अण्णा आले, आणि त्यांच्या दारात न थांबणारी गाडी.

"दुसरी गोष्ट काय?"

"तुमचा वेळ. हे मला कळत नाही. माल चांगला मिळायला लागला आणि तुम्ही हळू झालात. असं होत नाही. तुम्ही अण्णांना सावरत होता, मग तुमचा वेळ कमी व्हायला हवा. यंत्र म्हणतंय, तुम्हाला त्यांच्याकडून काहीतरी मिळत होतं. काय, ते त्याला दिसत नाही. पाटीवर नाही."

"चहा मिळायचा," राजमती म्हणाली. पण घरी येईपर्यंत ती त्याच विचारात होती.

•

घरी आल्यावर तिनं पेटीतली एक साखळी पाटावर आडवी घातली आणि भिंग लावलं. मग कपाटातून पायगोंडांची एक जुनी साखळी काढली, डाख न लावलेली, नमुना म्हणून ठेवलेली. ती शेजारी घातली.

पेटीतल्या साखळीत प्रत्येक कडीचं तोंड उजवीकडं कललेलं होतं.

पायगोंडांच्या साखळीत डावीकडं. सगळ्याच्या सगळ्या कड्या, शिस्तीत, शाळेच्या रांगेसारख्या.

तिच्या उजव्या हातात बत्ती, डाव्यात चिमटा. ज्योत डावीकडून उजवीकडं सरके आणि प्रत्येक उघडं तोंड तिला समोरून भेटे. एका दमात आख्खी साखळी. पेटीतल्या साखळीत तोंडं ज्योतीकडं पाठ करून बसलेली. प्रत्येक कडी चिमट्यानं कलती करायला लागे. साखळी फिरवून धरावी तर घुंगरं ज्योतीखाली येतात आणि काळी पडतात. एकाहत्तर वेळा कलती करा. जोडीला एकशे बेचाळीस.

सत्तावीस वर्षं ती समजत होती की आपला हात चलाख आहे.

•

"अण्णा."

"बोल."

"रेंदाळहून तेरा परत आल्या."

"आल्या. त्या रेंदाळवाल्याला डाख येत न्हाई. बत्ती धरायची अक्कल न्हाई आणि नाव माझं."

"त्याचं काही चुकलं नाही."

भिंतीपलीकडं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"घुंगरं राहिली होती," राजमती म्हणाली. "दर साखळीला दोन-तीन राहतात. चार वर्षं झाली. मी बसवत होते."

मांजर भोकाच्या कडेवर येऊन बसलं, दोन्हीकडं बघितलं आणि उठून गेलं.

"चार वर्षं," पायगोंडा म्हणाले.

"होय."

"आणि मला म्हणायचीस, अण्णा झकास."

"म्हणायचे."

"मला खुळ्यात काढलंस, राजाक्का. उद्या कुणी येऊन सांगितलं असतं, पायगोंडाला दिसत न्हाई, तर मी त्याच्या तोंडावर तुझं नाव सांगितलं असतं. म्हटलं असतं, जा, राजाक्काला विचार माझा माल कसा आहे."

थोड्या वेळानं पलीकडून भोकाला डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. पत्र्याचं, वर बिस्किट खाणाऱ्या पोराचं चित्र. ते पोर रोज राजमतीकडं बघून हसत राहिलं.

•

सन्मतीकडं एक वाट होती. ती तिनं रविवारी येऊन, कड्यांच्या तोंडांचं सगळं ऐकून घेतल्यावर सांगितली.

"दोन सेवा मिळून एक सेवा होऊ शकते. जोडसेवा. बाहेरून एकच पेटी: साखळी आणि घुंगरं आत जातात, पक्कं पैंजण बाहेर येतं. आत कोण काय करतं ते यंत्र विचारत नाही. त्याला तो अधिकारच नाही. आणि जोडसेवा ते तोडूही शकत नाही."

"मग कर की."

"ऐका आधी. ती नवी सेवा धरतात. दोघांचे जुने ठिपके पुसले जातात. तुम्ही पहिल्या पंगतीतून उठता, थेट शेवटच्या पंगतीत बसता. मदुराईची मागणी सोमवारी वाटली जाणार आहे. सहाशे जोड्या, एका नृत्यशाळेच्या. तिथल्या बाईंनी अट घातलीय, मुकं घुंगरू चालणार नाही, म्हणून फक्त पहिल्या पंगतीला. आणि प्रत्येक पेटीवर कारागिराचं नाव छापणार आहेत. यादीत तुम्ही सगळ्यात वर आहात, काकू. वेळ वाढला तरी वर आहात."

राजमतीनं हातातला चिमटा पुसला. तिच्या हातून किती हजार पैंजणं गेली होती. कुठल्या पायात गेली, ठाऊक नाही. त्या पायांनाही राजमती नावाची बाई ठाऊक नव्हती. सहाशे पेट्यांवर छापलेलं नाव कसं दिसेल, हे तिनं तेवढ्यातच तीनदा तरी बघितलं, डोळे मिटून.

"उजव्या तोंडाची सवय करून घ्यायला किती दिवस लागतील?" तिनं विचारलं.

"तुम्हाला? दोन महिने. यंत्राचा अंदाज आहे."

"आणि त्यांना दिसायला?"

विचारलेलं सन्मतीसाठी नव्हतंच.

राजमती उठली. अंगणातून फेरा घालून पायगोंडांच्या दारात गेली. सत्तावीस वर्षांत ती ह्या वाटेनं लग्नाकार्यालाच आली होती. पायगोंडा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर साखळी, हातात काही नाही. समोरून बघताना ते तिला वाटलं होतं त्याहून म्हातारे दिसले.

"कोण?"

"मी आहे, अण्णा. चहा करायला सांगा, साखर घालून. तुमच्याशी काम आहे."

तिनं सगळं सांगितलं. मदुराईचं सोडून. ते मागून आलेल्या सन्मतीनं सांगितलं, कारण तिला वाटलं सांगायला हवं. पायगोंडांनी ऐकून घेतलं.

"दया करतीस काय?"

"दया कसली? एकोणचाळीस मिनिटं लागतात मला तुमच्यावाचून. सगळ्या गावापुढं यंत्र ओरडून सांगतंय. तुमच्या कड्यांची तोंडं डावीकडं असतात म्हणून मी डाखवाली आहे. नाहीतर कोण आहे मी?"

"कसली तोंडं?"

"माझ्यासाठी ठेवता ना तशी? ज्योतीकडं?"

"मी कशाला काय ठेवू? मी आपलं बसवतोय. तसंच बसतंय ते."

"मोठेपणा पुरे झाला, अण्णा."

"अगं, खरंच," पायगोंडा म्हणाले, पण तिनं ऐकलं नाही. सन्मतीनं पाटी उघडली होती.

"आत काय चालतं ते लिहायची सक्ती नाही," ती म्हणाली. "कोरं ठेवलं तरी चालतं."

"कोरं न्हाई," पायगोंडा म्हणाले. "आधी कोरं ठेवलं म्हणूनच हे झालं. लिही. घुंगरं बसवणे, पायगोंडा. राहिलेली घुंगरं बसवणे, राजाक्का. लिहिलंस? राहिलेली, असंच लिही. मोठ्यानं वाच."

सन्मतीनं वाचलं. ते ऐकताना त्यांनी मान खाली घातली नाही.

"आता माझं," राजमती म्हणाली. "कड्यांची तोंडं डावीकडं ठेवणे, पायगोंडा. डाख लावणे, राजमती."

"वेळ?"

दोघांनी एकदमच सांगितलं, आणि आकडे वेगळे निघाले. वाद झाला. शेवटी एका जोडीस बावन्न मिनिटं, असं ठरलं, चहा धरून.

सोमवारी मदुराईच्या सहाशे जोड्या रेंदाळच्या डाखवाल्याला गेल्या. त्याच्या नावाच्या पेट्या छापल्या गेल्या. बुधवारी जोडसेवेला पहिलं काम आलं: बारा जोड्या, लहान मुलांच्या, पैंजणाला नऊ घुंगरं. राजमतीनं भोकातून हात घालून पत्र्याचं झाकण पलीकडं ढकललं, तेव्हा ते आधीच सैल करून ठेवलेलं होतं.

पहिल्या साखळीत एक घुंगरू राहिलं होतं.

"अण्णा, एक राहिलंय."

"कितवं?"

"चौथं."

"बसव."

तिनं बसवलं आणि बत्ती पेटवली.

•

१९७४ साली, पहिलीच्या वर्गात, मास्तरांनी पायगोंडांचा डावा हात सुतळीनं बाकाला बांधून ठेवला होता, उजव्यानं लिहायची सवय लागावी म्हणून. ती लागली नाही.